बायकोची मूठ

१

अतिदक्षता विभागात नवऱ्याला भेटायला जायचं म्हणजे प्रिस्काचा रोजचा सोहळाच असे. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, अंबाडा टोपीत कोंबायचा, तोंडाला मास्क लावायचा, मागून बांधायचा निळा झगा चढवायचा आणि चपला दाराबाहेर सोडायच्या. हे सगळं ती इतक्या घाईने करायची, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई जत्रेला निघालीय. लोक म्हणत, "काय धीराची बाई!" धीर कसला डोंबलाचा? आत तिचा फेबियन होता आणि तिला त्याला बघायची घाई होती, एवढंच.

फेबियनला ल्युकेमिया झाला होता. रक्ताचा कॅन्सर. सांडोर गावचा हा गडी, वाडवडिलांची केळीची वाडी, जन्मभर पाय मातीत. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा झाली असेल तेवढीच त्याला सर्दी. आणि आता केमोने वाईट पेशींबरोबर चांगल्याही झोपवल्या होत्या. क्षितिजा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "माती, फुलं आणि कच्चं खाणं, तिन्ही बंद. मातीतला एक साधा जंतूसुद्धा यांना झेपायचा नाही." प्रिस्काने घरी जाऊन ओट्यावरची तुळशी-मोगऱ्याची डबडी शेजारी नेऊन टाकली आणि पायपुसणंसुद्धा जाळलं. शाळेत ती गणित शिकवायची. एकदा नियम कळला की तो पाळायचा, असा तिचा खाक्या.

नियम पाळूनही ताप आला. जंतू रक्तात शिरले, श्वास पुरेना, आणि एका दुपारी फेबियनच्या घशात नळी गेली. आता त्याच्या वतीने मशीन श्वास घेऊ लागलं. फुस्स करून हवा आत जायची, बारीक टक व्हायचं, मग छाती खाली बसायची. पुन्हा फुस्स, पुन्हा टक. प्रिस्का शेजारी बसली की तिचाही श्वास नकळत त्याच तालावर पडायचा.

बोलता येत नव्हतं, म्हणून नवराबायकोने एक खूण ठरवली होती. तिने त्याच्या मुठीत आपला अंगठा द्यायचा आणि विचारायचं, "आहेस ना?" त्याने अंगठा दोनदा दाबायचा. आहे. डोळे मिटलेले असोत, औषधाची गुंगी असो, ते दोन दाब यायचेच. त्या दोन दाबांवर प्रिस्का अख्खा दिवस काढायची.

२

मग तो वाईट दिवस उजाडला. सकाळी ती आत गेली तेव्हा फेबियनचा हात सुजलेला होता, नखं निळी पडली होती. "आहेस ना?" तिने विचारलं. बराच वेळ काही नाही. मग एक दाब आला, आणि खूप उशिरा, अगदी मुंगीच्या पावलाने, दुसरा.

बाहेर आल्यावर क्षितिजा डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं. "बीपी धरत नाहीये. औषधं शेवटच्या डोसला आहेत. घरच्यांना बोलवून घ्या." प्रिस्काने घरी फोन लावला. घरी फेबियनची आत्या होती, व्हेरोनिका आत्या, विधवा झाल्यापासून माहेरीच राहिलेली, फेबियनला अंगाखांद्यावर वाढवलेली. तिचं "बोल गो पोरी" ऐकलं आणि प्रिस्काचा बांध फुटला. ती नुसती रडली. शब्द एक नाही. तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

आता, इस्पितळातून फोन येतो, बाई हंबरडा फोडते आणि फोन बंद होतो, याचा अर्थ सांडोरात एकच. आत्याने काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि देवळाकडे चालू पडली. फ्रेडरिकने, म्हणजे देवळाची घंटा वाजवणाऱ्या आणि कबरी खणणाऱ्या माणसाने, मयताची घंटा दिली. एकेक टोला, मध्ये मोठी शांतता. वाडीवाडीतून माणसं निघाली. खड्डा खणायला वेळ लागतो, म्हणून चौघे लगेच फावडी घेऊन फेबियनच्या बापाच्या शेजारच्या जागेवर गेले.

आणि दुपारी फेबियनचा चुलत भाऊ जॅक्सन इस्पितळात हजर. हातात हँगरला लावलेला फेबियनचा लग्नातला काळा सूट. शेवटचा घालायला.

"वहिनी," तो रडतच म्हणाला, "बॉडी कधी देणार?"

प्रिस्काने सुटाकडे पाहिलं, जॅक्सनकडे पाहिलं, आणि तिला इतका संताप आला की रडणंच थांबलं. "बॉडी? अरे गाढवा, जिवंत आहे तो! मशीन चालू आहे आत!"

जॅक्सनचं तोंड उघडंच राहिलं. सूट पाठीमागे लपवत तो जिन्याकडे पळाला आणि तिथूनच फोनवर ओरडायला लागला, "थांबवा! घंटा थांबवा! आहे तो, आहे!"

ऊन कलताना क्षितिजा डॉक्टर आतून आल्या, जवळजवळ धावतच. मास्क हनुवटीवर, डोळे मोठे. "मॅडम, बीपी वर आलं! एकदम. का, ते मलाही सांगता येणार नाही, पण आलंय!" प्रिस्काने भर वऱ्हांड्यात डॉक्टरांना मिठी मारली. नियम गेले खड्ड्यात.

३

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीपुरती घरी आली. स्कूटर लावते न लावते तोच आत्या दारात. चेहरा असा, जसा दूध सांडलेल्या मांजराचा.

"गो प्रिस्का, एक सांगायचं हाय. रागवू नको."

झालं असं होतं, की जॅक्सनचा फोन आला तेव्हा कबर खणून तयार होती. माणसं जमलेली. फावडी टेकवून सगळे एकमेकांकडे बघत उभे. फ्रेडरिक म्हणाला, बुजवून टाकू. पण आत्याने त्याचा हात धरला. उघडलेली कबर उपाशी बुजवत नाहीत, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं. ज्याच्या नावाची घंटा झाली, त्याच्या नावाचं काहीतरी आत गेलंच पाहिजे. नाहीतर ती कबर त्यालाच बोलावून घेते.

"मग?" प्रिस्काने विचारलं.

"मंग काय, फेबूच्या हातची केळ कापली. तेच्याच उंचीची, घड पडलेली नाय अशी, कोवळी. जॅक्सनने सूट परत आनला होता, तो तिला घातला. खिशात फेबूची रोझरी. फादर मीटिंगला गेलेले, ते यायच्या आत, ऊन कलताना उरकलं."

प्रिस्का बघतच राहिली. केळीचं खोड, काळा सूट, खिशात जपमाळ. आणि मग तिला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा. पोट धरून, भिंतीला टेकून ती हसली. आत्याही हसायला लागली, पदराने डोळे पुसत.

"सगल्यांनी मूठ मूठ माती दिली बघ. लहान पोरांनीपन. फक्त तुझी राहिली."

"माझी?"

"बायकोची मूठ पडल्याबिगर माती बसत नाय, गो. एकदा जाऊन टाकून ये. मंग ते झालं म्हनायचं. पुरं झालं."

"बघू," प्रिस्का म्हणाली. "आधी माझं माणूस घरी येऊ दे." आणि गरम पाणी अंगावर घेताना ती पुन्हा फिसकन हसली. केळीला सूट! बरा झाला की फेबियनला सांगायला काय मजेची गोष्ट सापडली होती.

४

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सुगीच म्हणावं. पांढऱ्या पेशी वर. सूज खाली. लघवी सुटली. रोज गेलं की काहीतरी नवं. आर्या नावाची नर्स होती, जूचंद्रची, ती दारातूनच अंगठा वर करून दाखवायची. "ताई, आज तर एकदम भारी! सर ऑक्सिजनवर मस्त मेंटेन करतायत!" प्रिस्का घरी फोन लावायची, आत्या शेजारी सांगायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सांडोरला फेबियनच्या रक्ताचे आकडे पाठ.

नळी निघाली तो दिवस तर सणाचा. मशीन बंद झालं. इतके दिवस कानात बसलेलं ते फुस्स-टक थांबलं आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. फेबियनने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. ओठ हलवून, खरखरीत आवाजात म्हणाला, "पाणी."

किती गोड शब्द! तिने चमच्याने पाणी दिलं. त्याने अजून मागितलं. अजून. आर्या म्हणाली, "बस्स हं सर, हळूहळू."

त्याची उशी नीट करताना प्रिस्काला तो डाग दिसला.

पांढऱ्या अभ्र्यावर, मानेच्या जागी, तपकिरी. कडेला काळपट. तिने आर्याला दाखवला.

"बीटाडीन सांडलं असेल, ताई. नाहीतर रक्त. बदलते मी."

बीटाडीन प्रिस्काला माहीत होतं, रक्तही आता पुष्कळ पाहून झालं होतं. पण केळीच्या वाडीत लग्न करून आलेल्या बाईला एक डाग झोपेतही ओळखू येतो. खोड कापलं की चीक येतो, पाण्यासारखा स्वच्छ. कपड्याला लागला तर कळतही नाही. वाळला की मग तपकिरी, मग काळा, आणि तो डाग कपडा फाटला तरी जात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिची मोतिया रंगाची साडी अशीच गेली होती. तेव्हापासून वाडीत जायचे कपडे वेगळे.

इथे काचेमागे, फुलालासुद्धा बंदी असलेल्या खोलीत, केळीचा चीक कुठून येणार? कुठलंतरी औषध तसं वाळत असेल. शेकडो औषधं दिलीत. प्रिस्काने स्वतःलाच दटावलं, मुलांना दटावते तसं. पुरावा नसताना उत्तर लिहायचं नाही.

तरी अभ्रा आर्याने उचलला तेव्हा तिने पुढे वाकून वास घेतला. ओला, हिरवा, थंड वास. वाडीत पहाटे येतो तो.

५

वॉर्डात आणल्यावर फेबियन झपाट्याने सुधारला. खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचा आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायचा. "विटॅमिन डी," क्षितिजा डॉक्टर हसून म्हणायच्या. तांब्याभर उकळलेलं पाणी एका दमात प्यायचा. अंगाला ताप म्हणून राहिला नव्हता, उलट हात लावला तर गारच. इतके आठवडे तापलेला तवा पाहिलेल्या प्रिस्काला तो गारवा किती बरा वाटला! ती त्याचा हात गालाला लावून बसायची.

त्याला सगळं आठवत होतं. आत्याचं नाव, जॅक्सनच्या बोटीचं कर्ज, कुठल्या ओळीत कुठली केळ. बायकोचा वाढदिवससुद्धा, जो तब्येत धडधाकट असतानाही त्याला कधी आठवला नव्हता. यावर ती त्याला चिडवायची आणि तो हसायचा. छान हसायचा. थोडा उशिरा हसायचा, पण छान.

एकदा ऊन खात बसला असताना तिने गंमत म्हणून आपला अंगठा त्याच्या मुठीत सरकवला.

"आहेस ना?"

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. चेहऱ्यावर तेच छान हसू. "काय?"

"अरे, आपली खूण!"

"कसली खूण?"

तिने पुन्हा विचारलं. मूठ ढिलीच राहिली. गार, ओलसर, मऊ.

क्षितिजा डॉक्टरांनी समजावलं. आयसीयूमध्ये राहिलेल्या पेशंटला तिथलं काही आठवत नाही, हे अगदी नेहमीचं. गुंगीची औषधं असतात, मेंदू ते दिवस पुसून टाकतो. "विसरले तेच बरं की, मॅडम." बरोबरच होतं. प्रिस्काला हे उत्तर पटलं, आणि पटूनही जिन्यात थांबून तिने आपला अंगठा स्वतःच्याच दुसऱ्या हाताने दोनदा दाबून पाहिला.

त्या दुपारी घरी येताना देवळाच्या वळणावर तिची स्कूटर बंद पडली. किक मारायला ती खाली उतरली. डावीकडे सिमेंट्रीची, म्हणजे कबरस्तानाची, बुटकी भिंत. वारा नव्हता. आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

फुस्स. टक.

ती थिजली. पुन्हा. फुस्स, आणि टक. कुणाच्या तरी वाडीतला पंप असणार. जुना पंप असाच धापा टाकतो. सांडोरात पंपांना काय तोटा? तिने जोरात किक मारली, स्कूटर लगेच चालू झाली आणि इंजिनाच्या आवाजात बाकी सगळं बुडालं. घरी पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ती पंपाच्या तालावर श्वास घेतेय.

६

आणि फेबियन घरी आला!

काय तो दिवस! गर्दी नको, जवळ यायचं नाही, फुलं आणायची नाहीत, असं जॅक्सनने आधीच दवंडी पिटल्यासारखं सांगून ठेवलं होतं. म्हणून अख्खी आळी मास्क लावून कुंपणाबाहेर उभी. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी ताट बडवतंय. आत्याने इंदेल मसाल्याचं कोंबडं रटरटवलं होतं आणि तीनतीनदा उकळी आणून पुन्हा शिजवलं होतं, न जाणो एखादा जंतू उरला असेल. गाडीतून फेबियन उतरला, टोपी काढून हलवली आणि बायका रडायला लागल्या.

घरात शिरण्याआधी तो थांबला. वळून वाडीकडे बघत राहिला. सासरहून आलेली मुलगी आईबापांकडे बघते तसं. वारा पडलेला होता, पण पानं हलली.

"चल आत," प्रिस्का म्हणाली. "वाडी कुठं पळून चाललीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबची मुलगी घरी रक्त घ्यायला आली. तिने दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली. प्रिस्का कापूस धरून उभी होती. नळीत पहिल्यांदा जे आलं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. मुलीने भुवया उंचावल्या, सुई जरा हलवली, आणि मग लाल रक्त आलं.

"सलाइनचं असेल," ती म्हणाली.

"सलाइन काढून आठवडा झाला."

"मग... असेल काहीतरी." ती नळ्या घेऊन गेली.

कापसाचा बोळा प्रिस्काने टाकला नाही. खिडकीत ठेवला. चहा होईपर्यंत तो तपकिरी झाला आणि स्वयंपाक आटोपेपर्यंत काळा.

तिने आत्याला बोलावून तो दाखवला. आत्याने पाहिलं, बराच वेळ. मग बोळा उचलून चुलीत टाकला आणि हात पदराला पुसले.

"तुला तुझा नवरा घरी पायजे होता ना, पोरी?"

"हो."

"मंग बघतेस काय वाकून वाकून?"

एवढ्यात फोन वाजला. क्षितिजा डॉक्टर. मगजाच्या, म्हणजे हाडातल्या गराच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता, आणि आवाजावरूनच कळत होतं की बाई खुर्चीत बसलेल्या नाहीत. "मॅडम, एकही वाईट पेशी नाही! एकही! पुढचे डोस द्यावे लागतील, पण सध्या रोग नाही. इतका स्वच्छ मी क्वचित पाहिलाय!"

प्रिस्काने किंकाळीच फोडली. आत्याला धरून गरगर फिरवलं. फेबियन ओट्यावर उन्हात बसला होता, तिने धावत जाऊन त्याच्या कपाळाचा मुका घेतला. ओठांना तुरट लागलं. लागू दे! रोग नव्हता. तिचं माणूस उन्हात बसलं होतं. डाग, पंप, बोळा, सगळं तिच्या जागरणाने शिणलेल्या डोक्याचे खेळ. आणि असलंच काही उरलंसुरलं, तर त्यावर इलाज होता की.

"आत्या," ती म्हणाली, "मी ती मूठ टाकून येते. आत्ताच. संपवून टाकते."

"जा," आत्या म्हणाली. "फेबूला नको नेऊ. मातीची बंदी हाय तेला."

७

सिमेंट्रीत भरदुपारचं लख्ख ऊन होतं. फ्रेडरिक फाटकाजवळ गवत कापत होता. प्रिस्काला बघून तो उठला, टोपी काढली, फेबियनची खुशाली विचारली. रिपोर्टचं ऐकून त्याने क्रूसाची खूण केली. मग जरा घुटमळला.

"बाई, तेवढं एक बघा. ती माती बसत नाय. केळीचं खोड, ते आतापावतर सडून पानी व्हायला पायजे. खड्डा पडायला पायजे वर. मी दोनदा चोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगलेली."

"माझी मूठ राहिलीय ना," प्रिस्का हसून म्हणाली. "आज बसेल."

ती एकटी आत गेली. सासऱ्यांच्या कबरीशेजारी तो ढिगारा, अगदी काल टाकल्यासारखा ताजा. तिने इस्पितळातले हातमोजे घातले होते. घरी पेशंट, मातीला हात लावायचा नाही. पण मूठमाती मोजा घालून कशी देणार? तिने दोन्ही मोजे काढले, कमरेला खोचले, वाकली आणि उजव्या हातात मूठभर माती घेतली. कोमट होती. ऊन आहे, म्हणून कोमट.

फुस्स. टक.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पंपाचा पाइप कुठे दिसतोय का. फ्रेडरिकचा विळा थांबला होता. कुठे काही चालू नव्हतं.

फुस्स. टक.

आवाज पायांखालून येत होता.

प्रिस्का गुडघ्यांवर बसली. हे खोटं आहे, हे तिला ठाऊक होतं. फळ्यावर मांडून दाखवलं असतं तिने, कसं खोटं आहे ते. माती तापते, आतली हवा फुगते, कुठेतरी फट असते. डावा तळवा तिने ढिगाऱ्यावर ठेवला, फक्त खात्री करायला. माती वर आली. थांबली. खाली गेली.

तिचा अंगठा भुसभुशीत मातीत रुतला होता. तोंडातून शब्द आपोआप सुटले, रोज सुटायचे तसे.

"आहेस ना?"

बराच वेळ काही नाही.

मग मातीने तिचा अंगठा दाबला. आणि खूप उशिरा, अगदी मुंगीच्या पावलाने, पुन्हा एकदा.

"फेबियन!" ती किंचाळली. "फ्रेडरिक, फावडं! फावडं आणा!" फावडं येईपर्यंत थांबणार कोण? तिने दोन्ही हात मातीत घातले, खच्चून उकरायला. पण मिटलेल्या मुठीने उकरता येत नाही. उजवी मूठ उघडली.

मूठभर माती ढिगाऱ्यावर पडली.

आवाज थांबला. फुस्स झालं आणि पुढचं टक आलंच नाही. मग तिच्या हातांखालची जमीन हळूच खचली, खोल, बोटभर, वीतभर, आणि बसली. कशी छान बसली. फ्रेडरिक फावडं घेऊन धावत आला होता, तो तिथेच उभा राहिला, आणि त्याच्याही तोंडून निघालं, "बसली, बाई."

प्रिस्का उकरत राहिली असती. तिची नखं मातीत होती, तोंडातून आवाज निघत होता पण शब्द होत नव्हते. तेवढ्यात तिच्या खांद्यावर सावली पडली. ओल्या हिरव्या वासाची.

"प्रिस्का," फेबियन म्हणाला. "जेवण थांबलंय. चल घरी."

तो मास्क न लावता आला होता, अनवाणी आला होता. पावलं मातीने भरलेली. तो वाकला, तिचा मातीने माखलेला उजवा हात मातीतून काढला आणि आपल्या हातात घेतला. तिचा अंगठा त्याच्या मुठीत गेला. ती बघत होती. विचारायचं नव्हतं तिला. तिने विचारलं नाही.

तरी त्याने अंगठा दाबला. एकदा. आणि मग दुसऱ्यांदा, अगदी त्याच्या पद्धतीने.

मातीतला तो आता या अंगात आला होता, की या अंगातल्याला आता त्याची ती शेवटची खूणसुद्धा मिळाली होती, हे प्रिस्काला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्याचा हात केळीच्या सोपटासारखा गार होता. रिपोर्टची बातमी पोचली असावी, रस्त्यापलीकडून कुणीतरी पुन्हा ताट बडवत होतं. आणि प्रिस्काने, देव तिला क्षमा करो, तो हात सोडला नाही.